लायसन्स कोणतं ते नंतर, आधी कोड कोणाचा ते बघा

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, प्रोजेक्ट टाकला, पब्लिक केला, की झाला ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरायला, बदलायला, वाटायला मोकळा, असं आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना वाटतं. तसं नसतं. लायसन्सची, म्हणजे इतरांनी कोड कोणत्या अटींवर वापरावा हे सांगणारी, फाइल नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, त्यासाठी नोंदणीही लागत नाही. लोकांना कोड पाहता येतो, गिटहबच्या अटींमुळे तिथल्या तिथं फोर्क करता येतो, म्हणजे स्वतःच्या खात्यात त्याची प्रत घेता येते, बस. शहाणा माणूस असा कोड स्वतःच्या कामात घेत नाही.

कोणतं लायसन्स निवडायचं यावर मात्र रात्री जाळू नका. एमआयटी नावाचं लायसन्स दोनशे शब्दांचंही नाही आणि अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर प्रत्येक कॉपीसोबत राहिला पाहिजे. २००४ चं अपाचे २.० पेटंटचा हक्कही स्पष्ट देतं, आणि बदललेल्या फाइलींवर तसं नमूद करायला लावतं. मोठ्या कंपन्यांनी वापरावं अशी इच्छा असेल तर ते घ्या. आपल्या घरगुती प्रोजेक्टला एमआयटी पुरतं. फक्त नमुन्यातल्या रिकाम्या जागी वर्ष आणि नाव भरा. ते तसंच सोडलेले रेपो (प्रोजेक्टचे कोडचे साठे) मी कितीतरी पाहिलेत. आणि कृपा करून स्वतःचं लायसन्स लिहू नका. ‘शेतकऱ्यांना फुकट, व्यापाऱ्यांना बंदी’ ही ओळ मनाला कितीही बरी वाटली तरी ती टाकली की ते ओपन सोर्स राहत नाही.

आता खरी गोम. माझी गाडी इथंच रुतली होती, म्हणून जरा लांबण लावतो.

शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढणारं ॲप केलं होतं. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा टाकला की हिशेब समोर. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, पुढं १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्यावरचा माल घेत नाही. हे गणित काट्यावर उभं राहून तोंडी करणं सोपं नाही, म्हणून दारव्ह्याकडचे दोघं-तिघं ते ॲप खरंच वापरत होते. मग कोणीतरी विचारलं, याच्यात सोयाबीन जोडू का? रेपो माझ्या खात्यावर, निम्म्याहून जास्त कोड माझा. एमआयटी लावून मोकळं व्हावं ना?

नाही होता येत. सातबाऱ्यावर चौघा भावांची नावं असली तर नांगर कोण धरतो यावरून विक्री होत नाही, सह्या चौघांच्या लागतात. कोडचंही तेच. मिळून लिहिलेल्या कामाचे मालक सगळे. कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, कोणाच्या खात्यातून गेल्या यानं फरक पडत नाही, कारण आम्ही एकाच लॅपटॉपवर आळीपाळीनं बसून लिहायचो आणि सगळं माझ्याच नावावर चढायचं. दोघांनी मेलवर होकार दिला. तिसरा पेरणीत, फोन उचलला तर म्हणे, ‘‘लाव ना बे काय लावायचं ते, पण उद्या कोणाचा हिशेब चुकला तं माह्यावर केस नाही झाली पाहिजे.’’ रास्त शंका होती. एमआयटीतला तो कॅपिटल अक्षरांतला परिच्छेद त्यासाठीच आहे: सॉफ्टवेअर जसं आहे तसं, हमी नाही, नुकसानीची जबाबदारी लेखकावर नाही. ते त्याला मराठीत सांगितलं तेव्हा गडी राजी झाला. तरी तोंडी होकारावर थांबू नका. ‘या प्रोजेक्टमधला माझा कोड एमआयटी लायसन्सखाली द्यायला माझी संमती आहे’, एवढी ओळ लेखी घ्या. एखादा नाहीच म्हणाला तर त्याचा भाग काढून नव्यानं लिहा. कटकट आहे, पण जमतं.

आमच्या गाइड सरांचा सल्ला होता, ‘लायसन्स कॉपी-पेस्ट करून टाका, कोण बघतं?’ असे मेंटॉर पावलोपावली भेटतात. ज्यानं स्वतः कधी कोड बाहेर सोडला नाही त्याचं या बाबतीत ऐकू नये, हे माझं ठाम मत.

दुसऱ्याचा उचललेला कोडही असाच तपासा. जीपीएल या लायसन्सखालचा तुकडा (त्यावर बेतलेला कोडही त्याच अटींवर वाटावा लागतो) आत असेल तर सगळ्यावर एमआयटीचा शिक्का मारता येत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘नाव द्या, त्याच अटींवर वाटा’ या लायसन्सखाली असतात, तेव्हा तिथून कल्पना घ्या, कोड स्वतः लिहा. मराठी अक्षरांसाठी मुक्ता फॉन्ट सोबत दिला असेल तर त्याचं ओपन फॉन्ट लायसन्स वेगळं. ती फाइल फॉन्टच्या फोल्डरमध्ये राहू द्या.

घाबरू मात्र नका. एकट्यानं, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या मशीनवर लिहिलं असेल आणि कुठं करार केला नसेल, तर पाच मिनिटांचं काम आहे. हो, एकदा दिलेली परवानगी आधीच घेतलेल्या कॉपीवरून मागे घेता येत नाही. पुढची आवृत्ती वेगळ्या अटींवर काढता येते. आणि कोणी तुमचं ॲप रंग बदलून विकलं तर चरफडू नका, तेवढी मुभा तुम्हीच दिली आहे.

नोकरीच्या वाटेवर असाल तर कायद्याचं कलम १७ माहीत असू द्या: नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच. त्यावर काही नेमणूकपत्रं ‘नोकरीच्या काळात केलेलं काहीही’ असं लिहून सुट्टीतलंही गिळतात. नागपूरला रुजू होताना माझ्यापुढं असंच पत्र आलं. सही करण्याआधी मी एचआरला जुन्या प्रोजेक्टांची यादी रेपोच्या लिंकसह मेल केली आणि ‘हे यातून वगळा’ असं लिहिलं. त्यांनी दोन दिवसांत पत्र बदलून दिलं. मागितल्याशिवाय दिलं नसतं.