इंजिनवर पाणी तापवताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या कालव्यांवर नवीन नॅरोबोट (राहायची लांब, अरुंद बोट) घेतली की महिन्याभरात ठरलेला प्रश्न येतो, तासभर इंजिन चालवलं तरी नळाला कोमटच पाणी, कॅलोरिफायर (गरम पाण्याची टाकी) बदलू का? अरे थांबा की! टाकीला काही झालेलं नसतं, बहुतेक वेळा तिच्या आतल्या कॉइलमध्ये (वेटोळ्या नळीत) हवा अडकलेली असते. इंजिनचं गरम कूलंट त्या कॉइलमधून फिरतं आणि त्यावर पाणी तापतं, एवढाच खेळ आहे. होजला (कूलंट नेणाऱ्या रबरी नळीला) मधे कुठे उंचवटा आला की हवा तिथेच ठाण मांडते आणि कूलंट फिरायचं थांबतं. दोन्ही होजना हात लावून बघा, एक चटका देतोय आणि दुसरा गार, म्हणजे समजा. मी होज सलग चढता नेतो, सगळ्यात उंच जागी ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) टाकतो, इंजिन चालवतो, पूर्ण गार होऊ देतो आणि मग कूलंट परत भरतो. हे "गार होऊ देणं" लोकांना जमत नाही, गरम इंजिनची कॅप उघडतात आणि हात भाजून घेतात.

दुसरं म्हणजे प्रेशर. ग्रँड युनियन कालव्यावर माझ्या शेजारच्या बोटीत रोज बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) पाणी साचायचं, त्याला वाटलं तळ गेला, बोट वर काढायच्या गोष्टी सुरू. पाणी 10 अंशावरून 80 ला गेलं की जवळपास 3 टक्के फुगतं, 55 लिटरच्या टाकीत दीड लिटरच्या वर झालं ते. थंड बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा), एक्स्पान्शन व्हेसल (फुगलेलं पाणी सामावणारं भांडं) नाही, मग जाणार कुठे? 3 बारचा पीआरव्ही (जादा दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह) उघडून बिल्जमध्येच. हे सांगून आलो, दोन दिवसांनी म्हणाला गळती थांबवली! टॉर्च मारून बघतो तर पीआरव्हीच्या तोंडाला पितळी टोपण, वर टेप अगदी व्यवस्थित गुंडाळलेली. कुकरची शिट्टी दाबून धरण्यातला प्रकार हा. आधी इंजिन बंद करायला लावलं, मग बोललो काय बोलायचं ते. 8 लिटरचं व्हेसल नॉन-रिटर्नच्या पुढे टाकीच्या बाजूला लावलं, पीआरव्हीचा पाईप बोटीबाहेर काढला, बिल्ज कोरडं.

मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड मिसळणारा) लावाच, पोरंबाळं असतील तर वादच नको, टाकीतलं पाणी 80 च्या आसपास जातं.

इंजिनच्या बाजूला घरगुती पुश-फिट प्लॅस्टिक पाईप नको, हीटर होजच घ्या.

1 किलोवॉटचा इमर्शन (टाकीतला विजेचा हीटर) इन्व्हर्टरवर लावून बॅटरी झोपवू नका, 12 व्होल्टला 80-90 अँपिअर खेचतो तो.

थंडीत बोट सोडून जाताना टाकी रिकामी करा. इंजिनातलं अँटीफ्रीझ टाकीतलं पाणी वाचवत नाही, दोन्ही सर्किट वेगळी असतात, हे दर हिवाळ्यात कुणाला तरी फुटलेली टाकी दाखवून सांगावं लागतं.

आणि टेस्टिंग संध्याकाळी पाचच्या आत सुरू करा, रात्री 8 ते सकाळी 8 बांधलेल्या बोटीचं इंजिन चालवायचं नसतं, शेजारी ओरडतात ते वेगळंच.