घराशेजारचं जुनं झाड ठेवायचं की काढायचं, हे कसं ठरवावं

वळवाचा पाऊस येतो, रात्री एखादी फांदी कडाडकन मोडते आणि सकाळी अंगणात सगळ्यांचं एकमत होतं: तोडून टाका. झाडाचा निकाल लावायला हा सर्वांत वाईट दिवस. मोडलेली फांदी उचला, गाडी दुसरीकडे लावा आणि चार दिवस जाऊ द्या. मग खाली बसून झाडाचं बूड बघा. हिरव्यागार शेंड्याला भुलणारे लोक नेमकं तेवढंच बघत नाहीत.

आधी जात ओळखा. पन्नाशीचा गुलमोहर म्हातारा, पन्नाशीची चिंच मात्र भर उमेदीत. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यामुळे संशय घ्यायचाच तर आधी त्याच्यावर घ्यावा. पण तो उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतो. मार्चमध्ये ‘वाळलं’ म्हणून कुऱ्हाड काढू नका, पालवी फुटेपर्यंत थांबा. त्यानंतरही फांदी बोडकीच राहिली, तर नखानं साल खरवडा. आत हिरवट ओल दिसली तर ती जिवंत आहे, कोरडी तपकिरी दिसली तर गेली.

आता बुंधा. खोडाला खेटून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल, तर झाडाच्या दुखण्याचं मूळ बहुधा तिथंच आहे. मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि बुंध्याची साल कुजू लागते. खोडाभोवती निदान मीटरभर जागा मोकळी करा, साचलेली भर हातानं काढा. मग चार गोष्टी तपासा:

- गेल्या काही वर्षांत गटार, पाण्याची लाइन किंवा कंपाउंडची भिंत यांसाठी चर खणताना जाड मुळं तोडली गेली का?
- झाड जिकडे झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूची माती उचललीय का, तिला भेगा पडल्यात का?
- पावसाळ्यात बुंध्याला लाकडासारखी टणक, तांबूस-तपकिरी, पांढऱ्या कडेची भूछत्रं येतात का? हा बहुधा गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी. तो बाहेर दिसतो तेव्हा आतली कूज बरीच पुढे गेलेली असते.
- आंब्याच्या खोडाला भोकं आणि खाली भुसा आहे का? मग भिरूड लागलाय. वेळेत उपाय केला तर झाड वाचतं.

माती नुकतीच उचललेली दिसली, तर पुढचं वाचत बसू नका. झाडाखालची वर्दळ बंद करा आणि महापालिकेला किंवा नगरपालिकेला कळवा.

खोड ठोकून बघा. लाकडी हातोडीनं खालपासून छातीपर्यंत, सगळ्या बाजूंनी. भरीव खोडाचा आवाज बसका येतो, पोकळ खोड घुमतं. पोकळ असणं म्हणजे लगेच पडणं नव्हे. बांबू पोकळच असतो आणि वाऱ्यात उभा राहतो. प्रश्न उरलेल्या भिंतीचा आहे. जाणकार वापरतात तो ढोबळ ठोकताळा असा: निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी तरी हवी. 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला सगळीकडून 9 ते 10 सेंटिमीटर. ही मोजणी घरच्या घरी जमत नाही, तिला झाडांचा तज्ज्ञ हवा. ठोकण्यानं फक्त त्याला बोलवायचं की नाही हे कळतं.

कलाचंही तसंच. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड शेंड्याकडे वळून सरळ होतं, त्याची फारशी काळजी नको. सरळ खोड अख्खंच्या अख्खं एका बाजूला गेलं असेल, तर मुळं सुटताहेत.

पडलं तर कशावर पडेल? हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर तो निम्मा निर्णय आहे. परसात मोकळ्या जागेवर झुकलेलं कुजकं झाड वर्षानुवर्षं राहू शकतं. तेच झाड मुलांच्या खोलीवर किंवा विजेच्या तारांवर झुकलेलं असेल तर नाही. पुष्कळदा झाडापेक्षा पार्किंग हलवणं स्वस्त पडतं. पानं पडतात आणि पन्हाळी तुंबते, ही तक्रार झाडू आणि जाळीनं मिटते. तिच्यासाठी झाड जाऊ नये. पश्चिमेची सावली गेली की दुपारनंतर भिंत किती तापते, ते तोडणाऱ्याला मेमध्ये कळतं.

मधला मार्ग छाटणीचा. वाळलेल्या आणि घरावर आलेल्या फांद्या काढा. एका वेळी पाव हिश्शाहून जास्त हिरवा भाग नको. फांदी जिथं खोडाला मिळते तिथल्या फुगीर कडेच्या बाहेर काप घ्या, खुंट सोडू नका. कंत्राटी माणसं करतात तसं सरसकट मुंडण तर अजिबात नको. त्यानंतर जे फुटवे येतात ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच खाली येतात.

परवानगी. झाड तुमच्या आवारात असलं तरी शहरात ते मनाला येईल तसं तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू असतो. छाटणीलाही आधी स्थानिक वृक्ष अधिकाऱ्याला विचारावं. अर्जासोबत बुंध्याचे, भेगांचे, भूछत्रांचे जवळून काढलेले फोटो जोडा. झाड मेलेलं, रोगट किंवा जीवित-मालमत्तेला धोकादायक आहे असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर हा कायदा परवानगीच्या बाजूनं आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. गावात 1964 चा वृक्षतोड कायदा बघावा लागतो. साग, आंबा, फणस, चिंच त्याच्या यादीत आहेत.

काढायचंच ठरलं तर आधी घरटी बघा. पिल्लं असतील तर जीवाला तातडीचा धोका नसल्यास ती उडेपर्यंत थांबा. तारा जवळ असतील तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. झाड वरून तुकड्यातुकड्यानं, दोर बांधून उतरवणारी माणसं बोलवा आणि अपघाताची जबाबदारी कुणाची, ते आधी लिहून घ्या.

घर काळ्या मातीवर असेल तर आणखी एक. मोठं झाड इतकी वर्षं त्या मातीतलं पाणी ओढत असतं. ते गेल्यावर माती ओल धरून फुगते आणि पाया उचलला जाऊन भिंतींना नव्या भेगा पडू शकतात. झाड पायाला अगदी जवळ असेल तर तोडण्याआधीच स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि आत्ताच्या भेगांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. बहावा, बकुळ किंवा ताम्हणाचं रोप मात्र जुनं झाड उभं असतानाच थोडं लांब लावून टाकलेलं बरं.