नवी पद्धत रोजच्या रुग्णसेवेत रुजवताना

एखाद्या रुग्णालयात नव्या पद्धतीमुळे जंतुसंसर्ग घटला किंवा औषध देण्यातील चुका कमी झाल्या, की ती पद्धत इतरत्र नेण्याचे काम बहुधा एक परिपत्रक, एक प्रशिक्षण सत्र आणि भिंतीवरचा तक्ता एवढ्यावर उरकले जाते. काही महिन्यांनी तक्ता भिंतीवर असतो, पण काम जुन्याच वळणाने चालू असते. प्रसाराची जबाबदारी ज्यांच्यावर येते, अशा विभागप्रमुखांनी आणि गुणवत्ता समन्वयकांनी कोणत्या क्रमाने काम करावे, याचा विचार येथे केला आहे.

सर्वप्रथम मूळ ठिकाणी नेमके काय घडले हे तपासावे, कारण अहवालात पद्धतीचे वर्णन असते, तिच्या भोवती केलेली खटपट क्वचितच असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, होणारा रक्तातील संसर्ग मोठ्या प्रमाणात कमी केला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जगभर गाजली ती त्यांची पाच मुद्द्यांची तपासयादी. परंतु नळी घालण्याचे सर्व साहित्य एकाच गाडीवर ठेवले गेले होते, पायरी चुकल्यास डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिलेला होता, आणि संसर्गाचे आकडे नियमितपणे त्याच विभागाला परत कळवले जात होते. हे सारे वगळून केवळ यादी नेली, तर कागद पोहोचतो आणि पद्धत मागे राहते. म्हणून मूळ ठिकाणी शक्य तर प्रत्यक्ष जावे, आणि तेथील प्रमुखांपेक्षा पाळीवर काम करणाऱ्यांशी अधिक बोलावे.

शस्त्रक्रियेच्या सुरक्षा तपासयादीचा अनुभव याहून बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या या १९ मुद्द्यांच्या यादीची चाचणी आठ शहरांतील आठ रुग्णालयांत झाली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. यादी जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत वापरली जाते, असे मात्र बहुतेक रुग्णालयांनी कळवले होते. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरीही एवढे निश्चित म्हणता येईल की चौकटीत खूण झाली याचा अर्थ शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका क्षणभर थांबून एकमेकांशी बोलले असा होत नाही. त्यामुळे मोजमाप ठरवताना भरलेल्या अर्जांची संख्या न मोजता, अधूनमधून प्रत्यक्ष उभे राहून काम पाहण्याची सोय करावी.

यानंतर पद्धतीचा गाभा आणि तिचे बदलता येणारे भाग वेगळे करून लिहून काढावेत. जलसंजीवनीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तिचा गाभा म्हणजे पाणी, मीठ आणि साखर यांचे योग्य प्रमाण. पाकीट हा गाभा नव्हे. बांगलादेशात १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेने घरोघरी जाऊन मातांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि ठरलेल्या मापाचे पाणी यांपासून द्रावण करायला शिकवले. विशेष म्हणजे शिकवणाऱ्यांचा मोबदला किती घरे झाली यावर ठरत नसे; नंतरच्या तपासणीत मातांना किती आठवते यावर तो अवलंबून असे. बदल किती चालेल याचा वाद उद्भवल्यास प्रमाणाला हात न लावता बाकीचे स्थानिक कर्मचाऱ्यांवर सोपवावे, हाच न्याय इतर पद्धतींनाही लावता येतो.

प्रारंभ लहान ठेवावा: एक कक्ष, एक पाळी, मोजके रुग्ण. मात्र पहिला कक्ष उत्साही माणसांचा असतो आणि तेथील यश फसवे ठरू शकते, म्हणून दुसरे ठिकाण मुद्दाम सर्वसाधारण निवडावे, जेथे मनुष्यबळ अपुरे आहे आणि प्रमुखांना या विषयात विशेष रस नाही. तेथे जे अडते, तेच पुढे बहुतेक ठिकाणी अडणार असते.

कर्मचाऱ्यांचा विरोध ही सबब फार सहज पुढे केली जाते. १८४६ मध्ये इथरची भूल यशस्वी ठरली आणि काही महिन्यांत ती अनेक देशांत पोहोचली. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये मांडलेल्या जंतुनाशक पद्धतीला मात्र सर्वत्र रुळायला कितीतरी वर्षे लागली. भुलेचा लाभ तेथेच दिसत होता आणि तो शल्यचिकित्सकालाही होत होता. जंतुनाशकाचा लाभ दिवसांनी कळणारा होता, आणि कार्बोलिक आम्लाने हात मात्र लगेच भाजत. ज्या पद्धतीचा फायदा डोळ्यांना दिसत नाही, तेथे तो दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. मागील संसर्गाला किती दिवस झाले हे कक्षातच लिहून ठेवणे हा त्यातला साधा उपाय. त्याचबरोबर नवे काम जोडताना एखादे जुने काम काढून टाकावे. एकच माहिती दोन नोंदवह्यांत भरायला लावणारी सुधारणा फार काळ टिकत नाही, आणि ते योग्यही आहे.

प्रकल्पाचा निधी संपण्यापूर्वीच साहित्य नियमित खरेदीच्या यादीत घालावे आणि नव्याने रुजू होणाऱ्यांच्या प्रशिक्षणात पद्धतीचा समावेश करावा. शेवटचा मुद्दा बहुतेक योजनांत नसतो. पद्धत नीट पाळली जात असूनही अपेक्षित परिणाम दिसत नसेल, तर ती कोणत्या तारखेला, कोणते आकडे पाहून आणि कोणाच्या निर्णयाने थांबवायची, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावे.