ग्लायकोप्रोटीन्स: पेपरच्या आधी काय काय पक्कं हवं

ग्लायकोप्रोटीन म्हणजे शर्करांच्या साखळ्या जोडलेलं प्रथिन. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आधी शर्करा प्रथिनाला जोडणारे दोन बंध काढून बघा. एन-बंधात अ‍ॅस्परॅजिन या अमिनो आम्लाच्या अमाइड नायट्रोजनला एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन ही शर्करा जोडलेली असते, तर ओ-बंधात सेरिन किंवा थ्रिओनिन या अमिनो आम्लांच्या ऑक्सिजनला, बहुतेक वेळा एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन. हे न अडखळता काढता येत नसेल तर पुढचं पाठांतर वाया जातं. एन-बंधाशेजारी 'अ‍ॅस्परॅजिन, मग कोणतंही एक अमिनो आम्ल, मग सेरिन किंवा थ्रिओनिन' हा क्रम लिहा. मधल्या जागी प्रोलिन चालत नाही, हेही तिथेच लिहून टाका. बहुपर्यायी प्रश्नाचा आवडता सापळा तोच.

आता जोडणी कुठे होते ते. एन-साखळी आधी डॉलिकॉल फॉस्फेट या पटलातल्या लिपिडावर तयार होते: 2 एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन, 9 मॅनोज, 3 ग्लुकोज. हा 14 शर्करांचा अख्खा गठ्ठा एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये प्रथिनावर एका दमात चढतो आणि मग छाटणी सुरू होते. एवढ्या मेहनतीने चढवलेले ग्लुकोज लगेच का काढायचे, असा प्रश्न पडलाच पाहिजे. शेवटचा एक ग्लुकोज उरलेला असतो तेव्हा कॅलनेक्सिन हे मदतनीस प्रथिन नव्या प्रथिनाला धरून ठेवतं. तो निघाल्यावरही घडी नीट बसली नसेल तर एक ग्लुकोज पुन्हा चढवला जातो आणि प्रथिनाला पुन्हा संधी मिळते. 'घडी घालायला मदत' हे मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा हे चक्र लिहा. म्यूसिनसारख्यांची (श्लेष्मातली प्रथिनं) ओ-साखळी मात्र गॉल्जीमध्ये एकेक शर्करा जोडत वाढते. तिथे फार रेंगाळू नका.

कार्यांची यादी घोकू नका. प्रत्येक कार्यापुढे 'साखळीच्या टोकाला कोणती शर्करा?' एवढंच विचारा. रक्तगट घ्या: एच प्रतिजनावर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन बसलं की ए, गॅलॅक्टोज बसलं की बी, ओ गटात ही शर्करा बसवणारं एन्झाइमच निकामी, म्हणून एच तसाच राहतो. (ही प्रतिजनं ग्लायकोलिपिडांवरही असतात, विसरू नका.) फ्लूच्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीवरच्या सियालिक आम्लाला (टोकाची एक शर्करा) चिकटतं, आणि बाहेर पडताना त्याचं न्यूरामिनिडेझ हे एन्झाइम तेच सियालिक आम्ल तोडतं, ओसेल्टामिविर हे औषध अडवतं ते हे दुसरं. लायसोसोमच्या एन्झाइमांवर मॅनोज-6-फॉस्फेट ही खूण असते. ती लावणारं फॉस्फोट्रान्सफरेझ हे एन्झाइम नसलं तर आय-सेल रोग होतो: एन्झाइमं तयार होतात, पण लायसोसोमऐवजी पेशीबाहेर जातात आणि रक्तात त्यांची पातळी वाढलेली सापडते. दीर्घोत्तरी प्रश्नासाठी याहून चांगलं उदाहरण नाही, कारण यात प्रथिन ठीक असतं, चुकतो फक्त पत्ता.

एरिथ्रोपोएटिन (लाल रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक) हेही हाताशी ठेवा. त्यावर 3 एन आणि 1 ओ साखळी असते. टोकाचं सियालिक आम्ल गेलं की आतला गॅलॅक्टोज उघडा पडतो, यकृतातला ग्राहक (रिसेप्टर) तो ओळखतो आणि संप्रेरक रक्तातून झटपट काढून टाकतो. औषध म्हणून हे बनवताना बहुधा सस्तन प्राण्यांच्या पेशी का वापरतात, जिवाणू का नाहीत, याचं उत्तर इथेच आहे. एफएसएच, एलएच, टीएसएच आणि एचसीजी हीसुद्धा ग्लायकोप्रोटीन संप्रेरकं, एवढं एका ओळीत पुरे.

शेवटी, जिथे मार्क जातात ते तपासा. एचबीए1सी मध्ये (मधुमेहात मोजतात ते हिमोग्लोबिन) ग्लुकोज एन्झाइमशिवाय, आपोआप चिकटतो. त्याला ग्लायकेशन म्हणा, ग्लायकोसिलेशन लिहिलंत की चूक. प्रोटिओग्लायकनमध्ये लांब, फांद्या नसलेल्या ग्लायकोसअमिनोग्लायकन साखळ्या असतात आणि वजनात बहुधा कर्बोदकाचाच वाटा मोठा; ग्लायकोप्रोटीनच्या साखळ्या आखूड, बऱ्याचदा फांद्यांच्या. रक्तद्रवातली बहुतेक प्रथिनं ग्लायकोप्रोटीन असतात, पण सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं अल्ब्युमिन त्यात मोडत नाही.