स्वस्त स्टील फ्रेमच्या सायकलला चांगले पार्ट कसे बसवावेत

फ्रेम सरळ असेल आणि जोडांजवळ तडा नसेल, तर स्वस्त स्टीलची फ्रेम ठेवावी. पैसे घालायचे ते चाकांवर. पण खरेदीच्या आधी मापं घ्या.

मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा एक्सल बसतो त्या दोन खाचांमधलं) अंतर मोजा. गिअरच्या साध्या एमटीबीला (माउंटन बाइकला) ते बहुधा १३५ मिमी असतं. बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा एक्सल आणि त्याची बेअरिंग) फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बसते त्या शेलची रुंदी पाहा, ६८ की ७३ मिमी. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) व्यास कोरलेला असतो, नेमका तोच घ्या, ०.२ मिमीने बारीक पोस्टही चालवताना खाली सरकतो. टायरवरचा तीन आकडी क्रमांक टिपून ठेवा: २६ इंची एमटीबीला ५५९, ७०० सीला ६२२, जुन्या काळ्या रोडस्टरला ६३५. शेवटच्या दोन्हींना दुकानात २८ इंचच म्हणतात, पण ६२२चं टायर ६३५च्या रिमवर चढत नाही.

चाकं. क्रोमच्या लोखंडी रिम काढून डबल-वॉल अलॉय रिम घ्या. वजन घटतंच, पण पावसात ब्रेक लागतो हा फायदा त्याहून मोठा. ओल्या क्रोमवर ब्रेकची रबरं नुसती घसरतात. मागचं चाक घेताना हब (चाकाचा मधला भाग) पाहा. आट्यांवर चढणारा जुना फ्रीव्हील (मागच्या गिअरचक्रांचा संच) खाचांवर सरकवून बसवायच्या कॅसेटच्या हबवर बसत नाही. ८/९ स्पीडच्या हबवर ७ स्पीड कॅसेट लावायची तर मागे ४.५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारं कडं) हवा. डांबरी रस्त्यासाठी गोट्यांचं जाड टायर सोडून १.५ इंची गुळगुळीत टायर लावा.

बीबी. सुट्या छर्‍यांच्या जागी सील्ड कार्ट्रिज बसवा. चौकोनी एक्सलचा क्रँक (पेडलचा दांडा) काढताना बोल्टबरोबर वॉशरही निघालाय ना, हे पाहा. क्रँक पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) हाताने पूर्ण आत फिरवा आणि मगच पाना लावा. दोनच आट्यांवर जोर दिला की अलॉय क्रँकचे आटे सोलून निघतात. चेनच्या बाजूचा बीबीचा कप (शेलमध्ये आट्यांवर बसतो तो) उलट आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. डावं पेडलही उलट्याच आट्यांचं. शेल रॉकेलने पुसा, ग्रीस लावा आणि कपाचे सुरुवातीचे आटे बोटांनीच फिरवा. अडला तर तिरका बसतोय, परत काढा. एक्सलची लांबी जुन्याइतकीच ठेवा, नाहीतर चेन तिरकी धावते. क्रँकचा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटर आवळा. तो ढिला राहिला तर चौकोनी भोक झिजून गोल होतं आणि क्रँक भंगारात जातो. कॉटर पिनचा (खिळीने अडकवलेला) क्रँक असेल तर एक्सल आणि क्रँक दोन्ही बदलावे लागतात.

फोर्क. स्वस्त सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, झटके शोषणारा चिमटा) दोन किलोंच्या वर भरतो. साधा कडक फोर्क घ्या, पण एक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतची) लांबी जवळपास तेवढीच हवी. फार आखूड घेतला तर पुढचा भाग खाली जातो, हँडल चंचल होतं आणि वळणावर पेडल जमिनीला घासतं.

सीटपोस्ट. अलॉयचा पोस्ट स्टीलच्या नळीत कोरडा घालू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो गंजून जाम होतो. ग्रीस लावा, दर पावसाळ्यानंतर काढून पुसा आणि किमान खोलीच्या खुणेच्या वर कधीच उचलू नका.