केशरोपणानंतर केस रंगवले आणि गळू लागले तर

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधून झाला की पांढरे केस रंगवण्याची घाई होते. पण केशरोपणाला दीड-दोन महिनेच झाले असतील, तर रंगानंतर हाती आलेल्या केसांचा दोष रंगाला देण्यापूर्वी थोडे थांबावे. रोपण केलेले बहुतेक केस शस्त्रक्रियेनंतर साधारण २ ते ८ आठवड्यांत आपोआप गळतात, त्यांची मुळे मात्र त्वचेत शाबूत राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस उगवू लागतात.

गळलेला केस उजेडात धरून पाहावा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो तुटलेला नसून अख्खा गळलेला असतो, आणि मधूनच तुटलेला असेल तर रंगातल्या अमोनिया किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने तो कमकुवत झाल्याची शक्यता अधिक असते.

खरी काळजी त्वचेची आहे. खाज, पुरळ, सूज किंवा पाणी सुटणे दिसल्यास रंग कोमट पाण्याने धुऊन त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘काळी मेहंदी’ निर्धास्तपणे लावली जाते, हे मला विशेष धोक्याचे वाटते, कारण तिच्यात बहुधा पीपीडी हे ॲलर्जी करणारे रसायनच असते. रोपणानंतर किमान महिनाभर, आणि खपल्या पूर्ण जाऊन लाली ओसरेपर्यंत, रंग लावूच नये. पुढेही शल्यचिकित्सकांना विचारून आणि कानामागे थोडा रंग लावून ४८ तासांची ॲलर्जी-चाचणी घेऊनच लावावा.