ठोके अनियमित असलेल्या ज्येष्ठांना गोव्याहून विमानाने नेताना

मुंबईचं लग्न ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, आजीला विमान सोसेल का? हृदयाचे ठोके अनियमित असले तरी औषधांनी आटोक्यात असतील, तर बहुतेकांना सोसतं. मुंबईचं उड्डाण जेमतेम सव्वा तासाचं. दमवतात ते आधीचे तास: अर्धवट झोप, रांगा, चालणं, चुकलेली गोळी. तयारी त्या तासांची करा.

१. आधी डॉक्टर, मग तिकीट

केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. पण जिना चढताना धाप लागत असेल, पायांवर सूज असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. नुकतंच इस्पितळातून घरी आणलं असेल, औषध बदललं असेल, पेसमेकर बसवला असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्यांनी हो म्हटल्याशिवाय निघू नका. ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून घ्या. विमान कंपनीला डॉक्टरांचा फॉर्म लागतो का, तेही आधीच विचारा.

२. तिकिटावरचा विमानतळ वाचा

जीओआय म्हणजे डाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून उड्डाणं सुरू झाली, तरी अजून लोक गोंधळतात. पेडणे, डिचोलीकडच्यांना मोपा सोयीचं. सासष्टी, काणकोणच्यांना डाबोळी. थोडे पैसे वाचतात म्हणून काणकोणहून आजोबांना अख्खा गोवा ओलांडून मोपाला नेणं मला तरी पटत नाही. पहाटेचं उड्डाणही टाळा, त्यात झोप आणि सकाळची गोळी दोन्ही बुडतात.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. आजोबा म्हणतील, "मी काय लंगडा आहे?" खुर्ची पायांसाठी नाही, दम लागू नये म्हणून आहे, हे घरीच शांतपणे पटवा, विमानतळाच्या दारात हा वाद नको. जागा मधल्या वाटेच्या कडेची घ्या.

३. गोळ्या हातातल्या पिशवीत

चेक-इनच्या बॅगेत एकही गोळी टाकू नका. बॅग हरवली तर कपडे मिळतात, रात्रीची गोळी तेव्हाच्या तेव्हा मिळेलच असं नाही. सुट्या गोळ्या न घेता पाकिटासकट घ्या, दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या. सोबत प्रिस्क्रिप्शन, जुना ईसीजी आणि औषधांची नावं लिहिलेला कागद.

रक्त पातळ करणारी गोळी सगळ्यांत महत्त्वाची. "एक दिवस नाही घेतली तर काय होतं?" असं म्हणणारे घरोघरी आहेत. ठोके अनियमित असताना हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. रिव्हारोक्साबॅन ही अशीच एक गोळी; तिचा १५ किंवा २० मिलिग्रॅमचा डोस जेवणाबरोबर घ्यायचा असतो, तेव्हा वेळेला डबा जवळ हवा. अंग दुखलं, नाक चोंदलं तर मनाने गोळी देऊ नका. काही वेदनाशामकांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी ठोके.

४. पाण्याची कंजुषी

माझ्या मते घोटाळा सगळ्यांत जास्त इथे होतो. विमानातल्या लहानशा बाथरूमला जायला नको, म्हणून आजी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि विचारलं तर "तहानच नाही" म्हणते. काहीजण लघवीची गोळीही गुपचूप टाळतात. शरीर कोरडं पडलं की ठोके बिघडायला निमित्त मिळतं. त्या गोळीची वेळ पुढेमागे चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. पाणी घोट घोट देत राहा, पण डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातली असेल तर तेवढंच. चहा एखादा पुरे. दारू नकोच.

५. सुरक्षा तपासणी

पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड जवानाला आधीच दाखवा. धातू शोधणाऱ्या चौकटीतून न रेंगाळता चालत जायला हरकत नसते. जवानाच्या हातातलं यंत्र मात्र छातीवर धरून ठेवू नये. हाताने तपासा, अशी विनंती करा.

६. विमानात

बसल्या बसल्या घोटे फिरवायला लावा. प्रवास लांबचा असेल तर मधूनमधून उठवा, पण हळू; झटकन उभं राहिलं की भोवळ येते.

धडधड जाणवली तर मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. अनियमित ठोक्यांत पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला आकडा फसवतो. धडधडीबरोबर छातीत दुखणं, धाप, घेरी आली, किंवा तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, तर केबिन क्रूला लगेच बोलवा. हेच विमानतळाच्या वाटेवर घडलं तर १०८ लावा. लक्षण पहिल्यांदा कधी दिसलं आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कधी घेतली, या दोन वेळा औषधांच्या कागदावरच लिहून ठेवा. इस्पितळात दोन्ही विचारतात.